काटा डाव्या हातात

सुरीचं टोक बशीवर घासलं आणि ‘कर्र’ असा आवाज झाला. दोघींनी एकदमच दात आवळले, मग एकमेकींकडे बघून हसल्या.

“परत,” आई म्हणाली.

“कापला तर गेला बटाटा.”

“गेला. पण अख्ख्या मजल्याला सांगून गेला. सुरी दाबायची नाही, ओढायची. परत.”

खारूने भला मोठा उसासा सोडला. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. घरात ती खारूच. घास गालात साठवून ठेवायची सवय तिला अगदी दुपट्यात असल्यापासूनची, आणि हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. बाबा आता नव्हते. गाल मात्र अजून तसाच फुगायचा, आणि आई समोरून स्वतःच्या गालावर बोट टेकवून खूण करायची, की गिळ आता.

समोरून, कारण शेजारी ती बसत नसे. टेबल अरुंद आणि लांबट, एरवी इस्त्रीचं. त्याच्या एका टोकाला खारू आणि दुसऱ्या टोकाला, सताड उघड्या खिडकीपाशी, आई. छातीचं दुखणं निघाल्यापासूनची ही व्यवस्था. डॉक्टर म्हणाले होते, औषध लागू पडलंय, आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही. पण डॉक्टर म्हणाले म्हणून आईचं मन थोडंच ऐकतं? ज्या ताटातून ती लेकीला घास भरवायची, ते ताट तिने वेगळं काढून ठेवलं होतं आणि अजून परत मिसळलं नव्हतं.

धोका दुसऱ्यांना नव्हता, तिला होता. फुप्फुसाचा एक भाग काढावा लागणार होता. मग महिनोन् महिने विश्रांती, तीही तिथेच, दवाखान्यात. “घरी कोण आहे तुमच्या?” डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “लेक आहे.” डॉक्टर म्हणाले, “तसं नाही, मोठं कोण आहे?” “बऱ्या व्हाल,” असंही ते म्हणाले. पण म्हणताना त्यांनी कागद चाळले, तिच्याकडे बघितलं नाही. ते न बघणं तिने घरी आणलं होतं आणि कोणालाच दाखवलं नव्हतं.

मोठं माणूस म्हणावं असं एकच होतं, खारूची आत्या. खारूचे बाबा गेल्यावर त्या घरी जाणं-येणं राहिलं नव्हतं. खरं तर आधीही फारसं नव्हतंच. लग्न झाल्या झाल्या नवी नवरी म्हणून आई तिथे जेवायला गेली होती. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर, प्रत्येकापुढे काटे आणि सुऱ्या. तिने एक चमचा उचलला आणि सूपपासून शेवटच्या गोडापर्यंत सगळं त्या एकाच चमच्याने खाल्लं. नणंद काही बोलली नाही. फक्त जेवण उरकल्यावर तिने तो एकुलता एक खरकटा चमचा उचलला, क्षणभर हातात धरला आणि बाकीच्या चकचकीत ओळीकडे बघितलं. त्या बघण्याने नव्या नवरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. आजही आठवलं की तापायच्या.

आता तिने फोन केला, गरज सांगितली, तेव्हा वन्सं म्हणाल्या, “हं.” मग, “रविवारी दुपारी दोघी जेवायला या. पोरीला बघून किती दिवस झाले. बघू.”

त्या ‘बघू’ने आईची झोप उडवली. बघणार म्हणजे काय बघणार? जेवायला बोलावून माणूस जेवणंच बघतं. तिची पक्की खात्री झाली, की वन्संना पोरगी टेबलावर बसवण्याजोगी आहे का ते पाहायचंय. आणि त्या रात्रीपासून तिने लेकीचा क्लास सुरू केला.

गंमत अशी, की काटे-चमच्यांवरच तिचं पोट होतं. एका मोठ्या हॉटेलात ती कामाला होती. मागच्या बाजूला, जिथे जेवणाऱ्यांची पावलं कधी पोचत नाहीत. खरकटे काटे, सुऱ्या, चमचे टबात भरून तिच्यापुढे यायचे. गरम पाण्यातून काढायचे, वाफ विरायच्या आत कोरड्या फडक्याने पुसायचे, बोटाचा ठसा उमटू न देता आपापल्या खणात टाकायचे. डोळे मिटूनही तिला कळायचं, हातात आलेला काटा मासळीचा की गोडाचा. चमच्याला लिपस्टिक लागलेली असली की ती अंदाज बांधायची, बाई कशी असेल. पण त्या बाईने तो चमचा धरला कसा, उचलला कसा, हे काही खरकट्यावर लिहिलेलं नसतं.

ते तिला कॅप्टनने शिकवलं. कॅप्टन म्हणजे पुढचा हॉल सांभाळणारा माणूस. मिशीला पीळ, कमरेत सदा अर्धा वाकलेला. दुपारी हॉल रिकामा झाला की तो तिला एका खुर्चीवर बसवायचा.

“कुठे राजघराण्यात सोयरीक जमतेय की काय पोरीची?”

“नणंदेकडे पाठवायचीये.”

“अरे बापरे. मग राजा परवडला.”

त्याने तिला एक जुना, जोड फुटलेला संच घरी न्यायला दिला. “ने. मी काही बघितलेलं नाही,” म्हणाला, आणि मिशीला हात लावत पलीकडे निघून गेला.

तर असा तो क्लास. पाठ सरळ. कोपर टेबलावर नाही. नॅपकिन मांडीवर, गळ्यात बाळं बांधतात. सूपचा चमचा आपल्याकडून पलीकडे न्यायचा, फुंकर घालायची नाही, फुर्रकन ओढायचं नाही. पाव सुरीने कापायचा नाही, हाताने तोडायचा.

“बटाटा सुरीने आणि पाव हाताने?” खारूने विचारलं. “कोणी ठरवलं हे?”

“ज्यांना दुसरं काम नव्हतं त्यांनी. बस सरळ.”

शुक्रवारी आईच्या लक्षात आलं, की काहीतरी चुकतंय. खारू अगदी झकास कापत होती, आवाज न करता. पण बघताना आईला सारखं वाटत होतं, की चित्र उलटं टांगलंय.

“काटा कुठल्या हातात धरलायस?”

“तुझ्यासारखाच.”

आईने आपल्या हातांकडे पाहिलं. काटा डाव्यात, सुरी उजव्यात. समोर पाहिलं. काटा त्याच बाजूला होता, म्हणजे लेकीच्या उजव्या हातात. पोरीने बिचारीने समोर बघून जसंच्या तसं उचललं होतं, आरशात बघून उचलावं तसं. चूक तिची कुठे होती? चूक त्या लांबट टेबलाची होती, उघड्या खिडकीची होती. शेजारी बसून शिकवणाऱ्या आयांच्या लेकी असं कशाला शिकतील?

ती उठली. नाकातोंडावर ओढणी गुंडाळली आणि लेकीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. वाकून दोन्ही हात पुढे केले आणि खारूचे हात आपल्या हातांत घेतले. काटा इकडे, सुरी तिकडे. किती दिवसांनी ती इतकी जवळ आली होती. केसांना खडूचा आणि उन्हाचा वास येत होता. बटाट्याचा एक तुकडा कापायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ तिने लावला.

“आई, माझा बटाटा मेला आता,” खारू म्हणाली.

“असू दे. परत.”

“आता सगळं उलटं शिकायचं?”

“उलटं नाही, सुलटं.”

“आणि नाही शिकले तर?”

आई थकली होती. मागे उभी असल्यामुळे लेकीचा चेहरा तिला दिसत नव्हता. “नाही शिकलीस तर आत्या तुला ठेवून घ्यायची नाही.”

खारूचे हात थांबले. “अजिबात नाही?”

“अजिबात नाही. तिच्या टेबलावर वेडंवाकडं चालत नाही. म्हणून म्हणते, मन लावून शीक.”

आणि काय सांगावं, पोरीने मन लावलं. दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं नाही. शाळेतून आली ती दप्तर टाकून टेबलापाशीच. प्रश्नावर प्रश्न. “सुरी चाटली तर? ते चुकीचं ना? थोडं चुकीचं की खूप?” “खूपच.” “आणि जेवून झाल्यावर काटा-सुरी कशी ठेवायची?” “बशीत, शेजारी शेजारी.” “आणि टेबलक्लॉथवर ठेवली तर?” “अगं, डाग पडेल.” “मोठा?” आईला हसू आलं. एवढी चौकस पोर कुठल्याही घरात खपून जाईल, असं मनाशी म्हणाली, आणि तेच मनाशी म्हणताना तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

रविवारी त्या निघाल्या तेव्हा खारूच्या दोन वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या, की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या.

आत्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली आतोबांचा दवाखाना. आतोबा दातांचे डॉक्टर. बुटके, गोल, बोलघेवडे. दार त्यांनीच उघडलं. “या या. बघू, आ कर. वा, पुढचे दोन पडलेत. छान. लोकांच्या दातांवरच आमची चूल पेटते बाई.” खारूने तोंड मिटून घेतलं.

आत्या आतून आली. उंच, काटकुळी, पाठ सरळ. ती हसली नाही. तिने खारूच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू गरम भांड्याला लागला. “बसा. गार होतंय,” एवढंच म्हणाली.

टेबल तसंच होतं. टेबलक्लॉथ तसाच पांढरा. आई आणि खारू समोरासमोर, टोकांना आत्या आणि आतोबा. आईने मांडीवर नॅपकिन पसरला आणि समोर नजर टाकली.

खारूने नॅपकिनची दोन टोकं वेण्यांखालून मागे नेली आणि गळ्याभोवती गाठ मारली.

‘घाबरली,’ आईला वाटलं. तिने डोळ्यांनी खूण केली. खारूने खूण पाहिली. मग दोन्ही कोपरं टेबलावर रोवली, सूपवर जोरात फुंकर घातली आणि फुर्रकन पहिला चमचा ओढला. आतोबा हसले. आत्या हसली नाही. तिची नजर खारूवर खिळली होती.

“खारू,” आई हलकेच म्हणाली, “नीट बस गं.”

खारूने पाव घेतला, बशीत आडवा ठेवला आणि सुरीने करवतीसारखा कापायला लागली. आठवडाभराची मेहनत, कॅप्टनच्या दुपारी, सगळं पाण्यात. पुढचं जेवण आलं तेव्हा पोरीने सुरी डाव्या हातात घेतली आणि काटा उजव्यात. परत तेच उलटं. आईने मनातल्या मनात स्वतःला बोल लावला, माझंच चुकलं, समोर बसून शिकवलं, मुळात बसलेलं निघतं होय?

मग खारूने सुरीवरची चटणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाटली, आणि चाटताना सरळ आईकडे पाहिलं.

तेव्हा आईला कळलं. घाबरलेलं लेकरू कुठे चुकतं, कुठे जमवून नेतं. इथे एकही गोष्ट जमली नव्हती. जे जे करू नको म्हणून सांगितलं होतं, ते ते झालं होतं, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. इतकं बिनचूक चुकायला सगळं पाठ असावं लागतं.

आईने आपला काटा बशीत ठेवला. एकदा डोळे वटारले असते तर पोर वळली असती; तेवढं तिला माहीत होतं. पण त्या क्षणी तिच्या आत काहीतरी उसळलं, आणि खोटं कशाला बोला, तो आनंद होता. नको म्हणू दे वन्संना. नको म्हणाल्या की मी हिचं बोट धरीन आणि दोघी घरी जाऊ. आणि मग? मग त्या डॉक्टरांचे कागद होते. कागदांच्या पलीकडे रिकामी खोली होती, आणि तिच्या दाराशी शाळेतून आलेली खारू उभी होती. आनंद आला तसा विझला. “वन्सं,” ती म्हणाली, “तिला येतं सगळं. मी शिकवलंय तिला. आज काय झालंय कोण जाणे...”

आत्याने हात वर केला.

“सुरी नेहमी त्याच हातात धरते ही?”

आईने खारूच्या हातांकडे पाहिलं.

“तोही असाच धरायचा,” आत्या म्हणाली. आवाज कोरडाच होता, पण एका ठिकाणी अडकला. “सगळं डाव्या हाताने. आमचे बाबा काट्याच्या मुठीने त्याच्या बोटांवर मारायचे, इथे, सांध्यांवर. रोज. मी शेजारी बसलेली असायचे, पाठ सरळ करून. एक शब्द बोलले नाही कधी. मोडली त्यांनी सवय. मग तो उजव्याच हाताने जेवायला लागला, आणि मुकाट्याने जेवायला लागला.”

आईला हे ठाऊक नव्हतं. नवरा उजव्या हाताने जेवायचा. फक्त भिंतीत खिळा ठोकायचा असला की हातोडी आपोआप डावीकडे जायची, आणि ती चिडवायची, की अहो, भिंतीला तरी विचारा कुठल्या हाताने मार खायचाय. तेव्हा तो नुसता हसायचा.

आतोबा नेहमीचं काहीतरी बोलायला गेले आणि बायकोकडे बघून थांबले. त्यांनी उगाच पाण्याचा ग्लास सरळ केला.

“हिला कोणी काही म्हणायचं नाही,” आत्या म्हणाली. “ह्या घरात हिला कोणी काही म्हणायचं नाही. कसंही जेवू दे.” मग ती आईकडे वळली. “तू खुशाल जा दवाखान्यात. बुधवारी आणून सोड. मागची खोली मी काढून ठेवते. उजेड आहे तिथे.”

इतक्या दिवसांचा टांगणीला लागलेला जीव आता भांड्यात पडायला हवा होता. आईने मान हलवली. उजव्या हाताने लिहिणारी, उजव्या हाताने चेंडू फेकणारी आपली लेक तिने समोर पाहिली. सांगावंसं वाटलं, की वन्सं, ही डावरी नाही हो. ही फक्त तुम्हाला नकोशी व्हायला बघतेय. पण ते सांगून कोणाचं भलं होणार होतं? ती एवढंच म्हणाली, “फार उपकार झाले तुमचे.”

“उपकार कसले,” आत्या म्हणाली आणि स्वतःच्या बशीत बघत राहिली. तिने पुढे एक घासही खाल्ला नाही.

खारू मात्र थिजली होती. सुरी अजून त्याच हातात होती, पण पुढे काय चुकायचं ते तिला सुचत नव्हतं. शेवटी तिने काटा-सुरी हळूच बशीत ठेवली, शेजारी शेजारी, जशी ठेवायची तशी, आणि मांडीवर हात घेऊन बसली. गोड आलं तेव्हा “नको, थँक्यू” म्हणाली. आतोबा म्हणाले, “गोड नको म्हणणारी पोर मी दवाखान्यात कधी बघितली नाही. माझा धंदा बसवणार ही.” कोणी हसलं नाही.

निघताना आत्याने तिच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवला. ह्या वेळी तो तिथे राहिला.

रस्त्यावर रविवारची सामसूम होती. दुकानांची शटर खाली, एका बाल्कनीत कोणीतरी गालिचा झटकत होतं. दोघी कोपऱ्यापर्यंत आल्या. चढ नव्हता, तरी आईला धाप लागली. बंद दुकानाच्या पायरीवर ती टेकली, नेहमीसारखी थोडं अंतर सोडून. खारू उभीच राहिली. वेण्या सैल झाल्या होत्या आणि भुवया आपल्या जागी आल्या होत्या.

“मी सगळं चुकवलं ना?” खारू म्हणाली.

“हो.”

“एकपण बरोबर नव्हतं?”

“एकपण नाही.”

“तू रागावलीस?”

आईने नाही म्हणून मान हलवली. रागवायला जेवढी ताकद लागते तेवढी तिच्यात नव्हती, आणि असती तरी ती रागावली नसती. तिने पायरीवर आपल्या शेजारी हात ठेवला, इथे ये म्हणून. किती दिवसांनी. खारू येऊन बसली, खांद्याला खांदा लावून, आणि आईने तोंड दुसरीकडे वळवून सावकाश श्वास घेतला.

बराच वेळ खारू आपल्या हातांकडे बघत होती. आधी एक, मग दुसरा. गाल फुगला होता, जरी तोंडात काहीच नव्हतं. मग तिने ते जे काय साठवलं होतं ते विचारलं.

“आई, मी नीट जेवले असते, तर मला घरी राहता आलं असतं?”